रेषेपाशी नेलेला पंच

पंचाच्या अंगाला हात लावणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट महादू शिगवणला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, हात लावून झाल्यानंतर सांगण्यात आली. तोवर त्याच्या समजुतीप्रमाणे ती रीत होती. गुहागर तालुक्यातल्या त्याच्या गावी आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत कबड्डीच्या सामन्यात एखाद्या पायाविषयी शंका निघाली, की संघनायक पंचाचा हात धरून त्याला रेषेपाशी नेई आणि वाकून मातीतला ठसा दाखवी. दुसऱ्या बाजूचा नायकही येऊन वाके. तिघांची डोकी एकत्र आली की निकाल लागे आणि खेळ पुढे सुरू होई. पंच कुणाचा तरी मामाच असायचा. त्याला हाताला धरून नेण्यात अपमान तर नव्हताच, उलट मान होता. ज्या पंचाला कुणीच कुठे नेत नसे, तो बिचारा आपल्या शब्दाला किंमत उरली नाही असे समजून खट्टू होई.

ही रीत अबूधाबीजवळच्या मुसफ्फ्याच्या मैदानावर चालत नाही, असे कुठल्याही फलकावर लिहिलेले नव्हते. नियमांचे पुस्तक होते, पण ते इंग्रजीत होते आणि स्पर्धा भरवणाऱ्या समितीच्या कपाटात होते. महादूचे शिक्षण आठवीपर्यंतचे आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे नव्हती. हे दोन मुद्दे पुढे झालेल्या चौकशीत कुणी विचारात घेतले नाहीत, म्हणून येथे नोंदवणे भाग आहे.

महादू १९८७ साली अबूधाबीत आला, त्याआधी मस्कत आणि दमाम असे दोन मुक्काम करून. मुसफ्फ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तेलक्षेत्रांसाठी मोठमोठे पाइप जोडले जात. वेल्डरच्या हाती जाण्यापूर्वी पाइपाची दोन तोंडे एका रेषेत जुळवून देणारा फिटर म्हणून तो लागला आणि सहा वर्षांत फोरमन झाला. बोलणे कमी, आवाज मात्र मोठा. गावाकडे तो संघाचा डावा कोपरा सांभाळत असे, आणि चढाईला आलेल्या गड्याचा घोटा त्याच्या हाती लागला की प्रेक्षक निकालाची वाट पाहत नसत. कामगारांच्या कॅम्पाच्या मागे वाळूचा एक सपाट तुकडा होता. पाण्याचा टँकर रिकामा होऊन परत निघाला की ड्रायव्हरला चहा पाजून उरलेले पाणी त्या तुकड्यावर मारून घ्यायचे आणि दर शुक्रवारी कबड्डी खेळायची, हा महादूने पाडलेला प्रघात होता.

तिथेच १९९४ च्या हिवाळ्यात अर्नशॉ नावाच्या इंग्रज इंजिनियरने त्याला पाहिले. वेल्डिंगची तपासणी हे अर्नशॉचे काम आणि रग्बी लीग हे त्याचे वेड. रग्बीचे दोन पंथ आहेत. पंधरा जणांचा पंथ साहेबलोकांच्या शाळांतला. तेरा जणांचा, ज्याला लीग म्हणतात, तो इंग्लंडच्या उत्तरेकडल्या खाणकामगारांचा आणि गिरणीकामगारांचा. अर्नशॉ दुसऱ्या पंथातला होता, आणि पहिल्याविषयी त्याच्या मनात आयुष्यभर पुरेल इतका राग होता. अबूधाबी आणि दुबईतल्या पाच-सहा कंपन्यांचे संघ जमवून तो शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सामने भरवत असे. त्याच्या संघात धावणारे पुष्कळ होते, पकडणारे कुणी नव्हते.

अर्नशॉने खेळ समजावून सांगितला. चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी चेंडूवाल्याला धरून पाडायचे. सहा वेळा पाडले की चेंडू त्यांचा. महादूने सगळे ऐकून घेतले.

“साब, ये तो कबड्डी है,” तो म्हणाला. “सिर्फ रेडर के हाथ में बॉल दे दिया है.”

अर्नशॉने याला हरकत घेतली नाही. दोन महिन्यांत त्याने पकडीचे सगळे शिक्षण महादूकडे सोपवले, आणि पुढच्या मोसमात शिटीच त्याच्या हाती देऊन त्याला संघाचा प्रशिक्षक केले. वर्कशॉपच्या संघात मग कोकणातले सात-आठ गडी आले. त्यांत खेडकडचा खैरुद्दीन परकार हा सर्वांत चपळ. पाइप घासून गुळगुळीत करण्याचे कंटाळवाणे काम तो दिवसभर करी आणि शुक्रवारी वाऱ्यासारखा पळे.

आरंभी एक मोठीच पंचाईत झाली. कबड्डीत चढाईवाल्याचा दम सुटेपर्यंत, म्हणजे त्याच्या तोंडचा ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार थांबेपर्यंत, त्याला सोडायचे नसते. लीगमध्ये पाडलेला माणूस पडला की सोडावा लागतो. त्याने उठून चेंडू पायाने मागे लोटायचा असतो. महादूचे गडी सोडतच नसत. खाली सापडलेला गोरा माणूस ‘गेट ऑफ’ म्हणून ओरडू लागला की ते आणखी घट्ट धरत. ज्याच्या तोंडून आवाज निघतो आहे त्याचा दम अजून शिल्लक आहे, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते.

“लेट गो, महादू! खलास! टेल देम, खलास!” अर्नशॉ कपाळाला हात लावून ओरडे.

“अजून बोलतोय ना, साहेब!” खालून कुणीतरी मराठीत उत्तर देई.

हे खूळ दोन महिन्यांत निघाले. दुसरे निघाले नाही, कारण ते खूळ आहे असे कुणाला वाटलेच नाही. कबड्डीत पकडला गेलेला गडी मध्यरेषेकडे हात फेकतो. बोट रेषेला लागले की तो वाचतो आणि त्याला धरणारे सगळे बाद होतात. ही त्या खेळातली सर्वांत मोलाची विद्या. महादूने ती मनापासून शिकवली. “पडलास म्हणून हात मेला नाही,” तो खैरुद्दीनला सांगे. “हात रेषेवर ने.” पाठीवर दोन माणसे बसवून, चेंडू हातात देऊन, त्याच्याकडून हे शंभर वेळा करून घेई. लीगच्या नियमाप्रमाणे मात्र, प्रतिस्पर्ध्याने धरलेले असताना चेंडूवाल्या हाताचे कोपर जमिनीला टेकले की तो माणूस पडला असे धरतात. त्यानंतर हात लांबवला तर तो दंड. अर्नशॉ हे एकदा म्हणाला होता. बोलता बोलता म्हणाला होता, आणि तेव्हा काँप्रेसर चालू होता.

एप्रिल १९९६ मध्ये अंतिम सामना झाला. समोर दुबईच्या एका कंपनीचा संघ, गुण सोळा-बारा, वर्कशॉप मागे, आणि शेवटचे मिनिट. खैरुद्दीन तिघांना चुकवून पळाला आणि रेषेच्या हातभर अलीकडे सापडला. तो पडला, त्याने हात लांब केला, चेंडू रेषेपलीकडे टेकला. त्याचे चार गुण, आणि त्यानंतरच्या किकचे दोन. महादूने दोन्ही हात वर केले. पंचाने शिटी वाजवली आणि हात उलट्या दिशेला केला: दुबईच्या बाजूने दंड.

पंच न्यूझीलंडचा होता. बँकेत नोकरी, स्वभावाने सभ्य. महादू मैदानात गेला. तो धावला नाही, ओरडला नाही. त्याने पंचाचे मनगट धरले आणि, “साब, आओ, देखो, मार्क है,” असे म्हणत त्याला रेषेकडे नेऊ लागला. पंच चार पावले चाललाही, बहुधा आश्चर्यामुळे. ही चार पावले अहवालात आली. ‘पंचाला ताब्यात घेऊन चार पावले चालवले,’ असे वाक्य तयार झाले, आणि ज्याने ते वाचले त्याच्या डोळ्यांपुढे महादू नव्हे, कुणी दरोडेखोरच उभा राहिला असेल.

चौकशीला समितीचे तिघे बसले. चिटणीस होता राजन बर्वे, पुण्याचा, कंपनीच्या पर्सोनेल खात्यातला, इस्त्रीच्या शर्टाचा आणि नीटनेटक्या फायलींचा माणूस. दुभाषाही तोच. त्याच मोसमात दुबईच्या एका प्रशिक्षकाने रागाच्या भरात पंचाच्या पाठीवर चेंडू फेकून मारला होता. त्याने माफीचे पत्र दिले, आणि रागाच्या भरात माणसाकडून असे होते, असे म्हणून समितीने ते स्वीकारले. महादूला राग आला नव्हता. हेच त्याच्या अंगाशी आले. राग नसताना केलेली कृती हेतुपुरस्सर ठरली आणि शिक्षा निघाली ती कायमच्या बंदीची.

अर्नशॉ समितीत होता. तो टेबलावर हात आपटून भांडला. शेवटी एक पान लिहून झाले: शिगवण यांनी दोन मोसम रेषेवरचा सहायक पंच म्हणून झेंडा धरावा, एक मोसम नवशिक्यांना शिकवावे आणि मग बाहेरून येणाऱ्या तपासनिसापुढे परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झाल्यास वर्कशॉपचा संघ त्यांना परत मिळेल. या पानाला ‘प्रशिक्षक विकास कार्यक्रम’ असे भारदस्त नाव देण्यात आले. बाकीच्या दोघांनी सही केली, ती हा माणूस यातले काहीही करणार नाही या खात्रीने.

“शिगवण, हे तुमच्या भल्यासाठीच आहे,” राजन म्हणाला. “एक्स्पोजर मिळेल तुम्हाला.”

“म्हणजे काय, साहेब?”

“म्हणजे, वेगवेगळ्या प्रकारचा अनुभव.”

“मस्कतला राहिलो, दमामला राहिलो, आता इथं आहे. अजून किती वेगवेगळा?”

“तसा नव्हे हो. खेळातला. बघा, नाहीतर बंदी आहेच.”

महादूने पानाकडे पाहिले. त्याला तेरा माणसे परत हवी होती. दुसरे काहीही नको होते. कॅम्पातल्या आठ जणांच्या खोलीत, वर्षानुवर्षे त्याच त्या पाइपांची तोंडे जुळवत, त्याला स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट मिळाली होती. त्याने पेन घट्ट धरून, हळूहळू, देवनागरीत सही केली. पानाची प्रत त्याला कुणी दिली नाही, आणि मागावी हे त्याला सुचले नाही.

दोन मोसम त्याने झेंडा धरला. वर्कशॉपवर त्या काळात एकामागून एक प्रशिक्षक आले; सगळ्यांकडे प्रमाणपत्रे होती. महादू मैदानाच्या कडेने, पांढऱ्या मोज्यांत, वर-खाली पळे. मेसमध्ये त्याची भरपूर टर उडाली.

“महादूभाऊ, झेंडा घेऊन कुणाच्या वरातीत चाललात?” खैरुद्दीन विचारी.

“तुझ्या,” महादू म्हणे. “नवरी पळून गेली, म्हणून पळतोय.”

हसणे-खिदळणे बाजूला ठेवले तर त्या दोन वर्षांत एक गोष्ट घडली, जी त्याने कुणाला सांगितली नाही. प्रशिक्षक मैदानाबाहेर, मध्याशी उभा असतो. तिथून त्याला माणसाची धाव दिसते. रेषेवरच्या पंचाला, तोही वाकलेला असेल तर, माणसाचे पडणे दिसते. आधी गुडघा येतो, मग कंबर, मग कोपर. पंधराएक सामने वाकून पाहिल्यावर महादूला कोपर दिसू लागले, आणि एकदा दिसू लागल्यावर ते दिसायचे थांबेना. दर वेळी, ज्या ज्या वेळी एखादा गडी पडल्यावर हात लांबवी, त्या त्या वेळी कोपर आधी टेकलेले असे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये खैरुद्दीन पुन्हा रेषेजवळ पडला आणि पुन्हा त्याने हात लांब केला. मुख्य पंच लांब होता. त्याने महादूकडे पाहिले. महादूने मान हलवली: नाही. वर्कशॉप तो सामना हरले.

खैरुद्दीन बसमध्ये सर्वांत मागे जाऊन बसला. कॅम्पावर उतरल्यावर मात्र त्याने महादूला अडवले.

“हे मला शिकवलं कुणी?”

महादू झेंडा गुंडाळू लागला.

“पाठीवर माणसं बसवून कुणी शिकवलं? आणि आता झेंडा हातात आला तर तू मला नाही म्हणतोस?”

इतकी वर्षे तो ‘तुम्ही’ म्हणत असे. महादूच्या ते लक्षात आले. “जेवून घे,” तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. त्यानंतर मेसमध्ये दोघे वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले.

१९९८ च्या उन्हाळ्यात अर्नशॉचे कंत्राट संपले. जाताना त्याने महादूचा हात बराच वेळ हलवला, “इन्शाल्ला, फिनिश इट,” असे म्हणाला आणि कायमचा गेला. राहिला तिसरा मोसम, नवशिक्यांचा. समितीच्या सोयीने तो शारजात ठेवला होता. मुसफ्फ्याहून अबूधाबीच्या बसस्टँडवर, तिथून शेअर टॅक्सीने दुबईला, तिथून दुसरी टॅक्सी धरून अल मजाजला, असा दर शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होणारा प्रवास होता. खालिद लगूनच्या काठी उंच इमारती, त्यांच्यामागे भारतीय मुलांची एक शाळा, आणि त्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या शोभनाबाई.

तिथे खेळ निराळाच होता. मुलांच्या कमरेला दोन फिती खोचायच्या. फीत ओढली की माणूस पकडला गेला. अंगाला हात लावायचा नाही. महादूची सगळी विद्या दोन हातांत होती, आणि तिथे हातांना काही कामच उरले नाही. पहिल्या दिवशी तो अर्धा तास ओरडला.

“अंकल, यू आर जस्ट शाउटिंग,” संपदा नावाची दहा वर्षांची मुलगी म्हणाली.

महादूने बाईंकडे पाहिले.

“नुसते ओरडता आहात, म्हणते ती,” शोभनाबाईंनी सांगितले. “आणि भाऊ, खरं सांगू का? रागावू नका. काय करू नये ते तुम्ही सांगता. काय करायचं, ते सांगतच नाही.”

“काय करायचं ते पोरांना दिसतंच की, बाई.”

“तुम्हाला दिसतं. तुम्ही तीस वर्षं खेळलात.”

पुढच्या शुक्रवारी तो कमी ओरडला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याहून कमी. पण संपदा गप्प बसणारी नव्हती. त्याने काहीही सांगितले की ती, “बट व्हाय?” असे विचारी. मागे का राहायचे? बट व्हाय? चेंडू आताच का सोडायचा? बट व्हाय? गुहागरात, मस्कतला, दमामला, मुसफ्फ्यात, महादूला आजवर एकाही खेळाडूने ‘का’ असे विचारले नव्हते, आणि त्यानेही कधी कुणाला विचारले नव्हते. पाइप का जुळत नाही, याचे कारण त्याला दरवेळी माहीत असे. खेळात आपण काय का करतो, याचे उत्तर शोधायला त्याला परतीच्या टॅक्सीत दुबईपासून अबूधाबीपर्यंतचा वेळ लागे. पुढच्या खेपेला तो उत्तर घेऊन जाई. फेब्रुवारीपर्यंत त्याने रीतच बदलली, आधी तोच विचारू लागला, “व्हाय?” आणि मुले इंग्रजीत भांडू लागली. त्यातले निम्मे त्याला कळत नसे. कुणाचे बरोबर आहे, ते मात्र ती खेळू लागली की कळे.

मोसम संपला. महादू राजनकडे गेला आणि तपासनीस केव्हा येणार असे त्याने विचारले.

“कसला तपासनीस?” राजन म्हणाला.

“परीक्षेचा. तीन मोसम झाले, साहेब.”

राजनने फाइल काढली, चाळली, बंद केली. “शिगवण, फाइलमध्ये तसा काही कागद दिसत नाही. कमिटी बदलली आहे. नव्या लोकांना काही माहीत नाही. मी रेकॉर्डवर नसलेली गोष्ट कशी मूव्ह करू?”

“तुम्हीच लिहिलं होतं ते. तुमच्याच मशीनवर.”

“मी पुष्कळ काही लिहितो हो. बघू या. इन्शाल्ला.”

मराठी माणसाच्या तोंडचे ‘इन्शाल्ला’ त्या देशात कुठल्या अर्थाने येते, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. दोन वर्षे गेली. महादू दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, जेवणाच्या सुटीत, राजनच्या टेबलासमोर उभा राही, विचारी आणि परत जाई. त्याने आवाज चढवला नाही. कुणाची शिफारस आणली नाही. या दोन्ही गोष्टी केल्या असत्या तर काम लवकर झाले असते, असे पुष्कळांनी त्याला सांगितले, आणि ते बहुधा खरे होते.

जानेवारी २००१ मध्ये वर्कशॉपचा तेव्हाचा प्रशिक्षक मोसम अर्ध्यावर सोडून कतारला गेला. संघ ओळीने नऊ सामने हरला होता. संघाशिवाय स्पर्धा पुरी होईना आणि प्रशिक्षकाशिवाय संघ टिकेना. त्याच आठवड्यात कागद सापडला. तो कुठे सापडला, हे राजनने सांगितले नाही आणि महादूने विचारले नाही.

तपासनीस फेब्रुवारीत आला. इंग्लंडमधल्या शाळेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या भुवयांचा मास्तर, कमी बोलणारा. गुरुवारी दुपारी त्याने महादूला दुसऱ्या एका कंपनीचे बारा अनोळखी खेळाडू दिले आणि चाळीस मिनिटे दिली. महादू फारसे बोलला नाही. त्याने एक खेळ लावून दिला, थांबवला, “व्हाय?” असे विचारले आणि उत्तर येईपर्यंत उभा राहिला. एकाला पकड जमेना, तेव्हा त्याने त्याला कडेला नेले, जमिनीशी वाकायला लावले आणि दुसरे कसे पडतात ते दहा मिनिटे नुसते पाहायला सांगितले. तपासनीस वहीत लिहीत राहिला.

मग समितीच्या पत्र्याच्या खोलीत तोंडी परीक्षा झाली. राजन दुभाषा. तीन-चार साधे प्रश्न झाल्यावर तपासनिसाने कागदावरून विचारले: १९९६ साली तुम्ही पंचाला हात लावलात, तुम्ही त्यातून काय शिकलात?

“शिगवण, सॉरी म्हणा,” राजन मराठीत, हलक्या आवाजात म्हणाला. “पश्चात्ताप झाला म्हणा. फाफटपसारा नको. पास होताय तुम्ही.”

महादू तपासनिसाकडे वळला.

“हात धरायला नको होता,” तो म्हणाला. “इथं तशी रीत नाही, ते मला मागाहून कळलं. पण माझी चूक ती नव्हे. खैरुद्दीनला हात लांब करायला मी शिकवलं. दोन वर्षं घोटून घेतलं. त्याचं कोपर आधी टेकलं होतं. पंच बरोबर होता. मी त्याला रेषेपाशी नेलं असतं, तरी वाळूत कोपरच दिसलं असतं. सामना पोरांनी नाही घालवला, पंचानं नाही घालवला. मी घालवला.”

राजनने घसा साफ केला. “ही सेज ही इज व्हेरी सॉरी,” तो म्हणाला.

तपासनिसाच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. एवढ्या लांब बोलण्यातून एवढेच निघाले का, असे त्याने विचारले.

राजनने महादूकडे पाहिले. चुकीचे शिकवले, असे परीक्षेतच कबूल करणारा उमेदवार त्याने आधी पाहिला नव्हता, आणि आपण याला वाचवत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. महादू म्हणाला, “सांगा, साहेब. सगळं सांगा.” तेव्हा राजनने सांगितले; वाक्यामागून वाक्य, काही न गाळता. त्याच्या नोकरीतले ते बहुधा सर्वांत अचूक भाषांतर असावे.

तपासनिसाने पेन खाली ठेवले. हे त्या खेळाडूला माहीत आहे का, असे त्याने विचारले.

“नाही,” महादू म्हणाला.

मग तो तपासनीस जे बोलला ते राजनने हळूच मराठीत आणले: “ते म्हणतात, तपासनिसाला सांगितलं आणि खेळाडूला सांगितलं नाही, अशा माणसाला प्रशिक्षक म्हणून सही कशी देऊ? त्यांचं विमान उद्या संध्याकाळचं आहे. तोवर कागद कोराच राहील म्हणतात.”

शुक्रवारी सकाळी खैरुद्दीन कॅम्पाच्या मागे बादलीत कपडे भिजवत होता. सव्वातीन वर्षांत महादू त्याच्याजवळ येऊन उभा राहिला नव्हता. तो आला आणि बादलीशेजारी उकिडवा बसला.

“काय?” खैरुद्दीनने मान वर न करता विचारले.

“ते हात लांब करायचं. मी शिकवलेलं.”

“मग?”

“चूक होतं. दोन्ही वेळा तुझं कोपर आधी टेकलं होतं. तुझं चुकलं नाही. तू शिकवलं तेच केलंस.”

खैरुद्दीनने शर्ट पिळला, झटकला, परत बादलीत टाकला.

“हे तुला कळलं कधी?”

“झेंडा धरला त्या वर्षी.”

“आणि सांगतोयस आज? इतक्या वर्षांनी?” त्याचा आवाज चढला. “मी पोरांना सांगत फिरलो, महादूनं डूख धरला. सगळ्या कॅम्पाला सांगितलं. गावाकडे पत्रात लिहिलं मी! आणि तू तिकडं टेबलावर बसून चपात्या खात होतास!”

“हो.”

“हो काय? तोंड नव्हतं तुला?”

“नव्हतं,” महादू म्हणाला. “काल तपासनिसानं विचारलं, तेव्हा सांगितलं. आणि आता तो सही करत नाही, तुला सांगितल्याशिवाय. हेही सांगतो. नुसतं माझ्या मनात आलं म्हणून आलेलो नाही.”

ही शेवटची माहिती दिली नसती, तर प्रसंग अधिक शोभला असता. खैरुद्दीनने मान वर केली. मग तो हसला, आणि ते हसणे प्रेमळ नव्हते.

“म्हणजे तुझं प्रमाणपत्र माझ्या बादलीत आहे.”

“आहे.”

“भिजू दे जरा,” खैरुद्दीन म्हणाला, आणि साबण लावू लागला.

दुपारी तपासनीस मैदानावर आला. त्याने महादूला काही विचारले नाही. राजनला बरोबर घेऊन तो थेट खैरुद्दीनकडे गेला आणि या माणसाने तुला काही सांगितले का, असे त्याने विचारले. मैदानावरचे सगळे थांबून पाहू लागले. खैरुद्दीनने उत्तर द्यायला, राजनच्या म्हणण्याप्रमाणे, गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

“सांगितलं,” तो म्हणाला. “उशिरा सांगितलं. पण खरं सांगितलं.”

राजनने तेही तसेच सांगितले. तपासनिसाने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, महादूचा हात हलवला आणि विमानतळाकडे निघून गेला. समितीच्या त्या वर्षीच्या अहवालात ‘प्रशिक्षक विकास कार्यक्रमाचे पहिले यश’ म्हणून एक परिच्छेद आला. त्याखाली तीन सदस्यांची नावे होती, आणि त्या तिघांपैकी एकही जण १९९६ साली समितीत नव्हता. दुसरे यश त्यांना मिळाल्याचे ऐकिवात नाही, कारण कार्यक्रम होता तो एका माणसाला वाटेतून दूर करण्यासाठी, आणि तेवढ्या निष्ठेने तो पुरा करणारा दुसरा कुणी त्यांना सापडला नाही.

महादू पुढे पाच वर्षे वर्कशॉपचा प्रशिक्षक होता. त्या पाच वर्षांत संघ एकदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि हरला. पण हे नंतरचे. त्या शुक्रवारी, सही झाल्यावर, संघाचा सराव होता. तेरा जणांपैकी नऊ जण हजर होते. चौघांना ओव्हरटाइम लागला होता. महादूने नऊ जणांना अर्धवर्तुळात उभे केले आणि आज आपण पडायला शिकायचे आहे, असे सांगितले.

“पडायला काय शिकायचंय?” मागून खैरुद्दीन म्हणाला. “ते तर सगळ्यांना येतं.”

“मग तू सांग त्यांना,” महादू म्हणाला. “मला ते नीट शिकवता आलेलं नाही.”

खैरुद्दीन जागचा हलला नाही. बाकीचे आठ जण एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागले. मग त्याने बूट झटकले, शिव्या पुटपुटत पुढे आला, आणि चेंडू छातीशी धरून वाळूत आडवा झाला.